नदीमुखाची वेळ

मोठ्या नदीच्या मुखाशी मोठं शहर वसतं, हा जगाचा रिवाज कनेक्टिकट नदीने पाळला नाही. कॅनडाच्या सीमेलगतच्या एका चिमुकल्या तळ्यातून निघून सुमारे 660 किलोमीटर वाहत येणारी ही न्यू इंग्लंडमधली सर्वांत लांब नदी. पण ती लाँग आयलंड साउंडला मिळते तिथे पश्चिमेला ओल्ड सेब्रुक, पूर्वेला ओल्ड लाइम ही दोन लहान गावं, दोन दीपगृहं आणि दूरवर पसरलेलं गवताळ खाजण, एवढंच आहे. नदी वरून वाळू आणते, समुद्र ती परत आत ढकलतो, आणि या ओढाताणीत मुखाशी वाळूचे दांडे सतत जागा बदलत राहतात. मोठ्या जहाजांना ते मानवलं नाही, म्हणून बंदर झालं नाही. बंदर झालं नाही म्हणून खाजण वाचलं. 1994 मध्ये या नदीमुखाला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, ती या वाळूच्या कृपेने, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

जहाजांना नकोशा झालेल्या याच दांड्यांवर इथल्या गाईडचं पोट चालतं. दांड्यावरून पाणी वेगाने उतरताना लहान मासळी भेलकांडते, आणि दांड्याच्या खालच्या अंगाला मोठी मासळी तोंड प्रवाहाकडे करून दबा धरून बसते. मे ते नोव्हेंबर या काळात लोक इथे गरवायला येतात ते मुख्यतः दोन माशांसाठी: अंगावर सात-आठ काळे पट्टे मिरवणारा स्ट्राइप्ड बास आणि निळसर पाठीचा, करवती दातांचा ब्लूफिश. त्यांना होडीतून नेणारा माणूस कोस्ट गार्डचा परवाना घेतलेला असावा लागतो. त्या परवान्यासाठी पाण्यावरचे किमान 360 दिवस पदरी लागतात, आणि तो मिळाल्यावरही होडीत सहापेक्षा जास्त गिऱ्हाइकं घेता येत नाहीत. माझ्या ओळखीचे एक कॅप्टन या पाण्यात गेली अनेक वर्षं हे काम करत आहेत. त्यांच्याबरोबर जाता-येता एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. गिऱ्हाइकाला वाटतं, गाईड आपल्याला जागा दाखवतो. जागा आता कोणालाही सापडते. खोली दाखवणारं यंत्र आणि उपग्रहाचा नकाशा शंभर डॉलरच्या मोबाइलवरही येतो. गाईडकडे असतं ते वेळेचं ज्ञान. आणि हे ज्ञान एका घड्याळाचं नसतं.

पहिलं घड्याळ पाण्याचं. मुंबईच्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर चढणारा समुद्र पाहिलेल्या माणसाला इथली जेमतेम मीटरभराची भरती किरकोळ वाटते. पण भरतीच्या तक्त्यात छापलेली वेळ ही पाण्याच्या उंचीची असते. मासा उंची बघत नाही, ओढ बघतो. नदीमुखात उंचीची आणि ओढीची वेळ जुळत नाही: पाणी चढायचं थांबलं तरी आत शिरणारा प्रवाह काही काळ चालूच राहतो, आणि पाणी उतरायला लागल्यावर मग कधीतरी तो उलटतो. शिवाय खारं पाणी जड आणि गोडं हलकं. नदीचं पाणी वरून समुद्राकडे सरकत असताना खारं पाणी तळाने पाचरीसारखं आत घुसतं. एप्रिल-मेमध्ये व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांवरचं बर्फ वितळतं, तेव्हा गोड्या पाण्याचा लोंढा ही पाचर जवळजवळ मुखाबाहेर लोटून देतो. ऑगस्टमध्ये नदी रोडावली की तीच पाचर कित्येक किलोमीटर वर जाऊन बसते. एका सकाळी मी होडीच्या कडेला उभा होतो. फेस, गवताच्या काड्या, सगळं समुद्राकडे वाहत होतं. आणि माझ्या हातातली शिसं लावलेली दोरी मात्र तळाशी पोहोचताच वर गावाच्या दिशेने ताणली गेली. वर ओहोटी होती, खाली भरती सुरू झाली होती. कॅप्टन म्हणाले, “आता पंचवीस मिनिटं आहेत.” ती पंचवीस मिनिटं त्यांनी कोणत्या खुणेवरून मोजली हे मी विचारलं तेव्हा त्यांनी कालचा वारा, आठवड्यापूर्वीचा पाऊस आणि अमावास्येला उरलेले दिवस, एवढं सगळं सांगितलं. कोकणातला गरवणारा उधाण आणि भांग यांचा हिशेब करतो तो हाच. इथे त्यात बर्फाची भर पडते.

दुसरं घड्याळ मोसमाचं, आणि ते दोन्ही माशांचं वेगळं आहे. स्ट्राइप्ड बास जन्मतो गोड्या पाण्यात, मोठा होतो समुद्रात. अटलांटिक किनाऱ्यावरचे बहुतेक बास दक्षिणेला चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांमध्ये जन्मलेले असतात; उरलेले हडसन आणि डेलावेअरमध्ये. वसंतात अंडी घालून झाली की मोठ्या माद्या किनाऱ्याने उत्तरेला मेनपर्यंत जातात आणि शरदात परततात. कनेक्टिकटचं मुख हा त्या वाटेवरचा मुक्काम. तो मुक्काम नदीत वर चढणाऱ्या शॅड आणि हेरिंगमुळे साधतो. शॅड हा कनेक्टिकटचा राज्यमासा, आपल्या पाल्याचा, म्हणजेच बंगालच्या हिल्शाचा, भाऊबंद. चव तशीच, काटेही तसेच.

ब्लूफिश नदीचा नाहीच. तो खोल समुद्रात जन्मतो, पाणी तापलं की किनाऱ्याला येतो आणि येताना सगळ्या लवाजम्यासह येतो. आधी कुररी पक्षी आकाशातून कोसळायला लागतात, मग मेनहेडन या तारलीच्या जातकुळीतल्या माशांचा थवा पाण्याबाहेर उसळतो, आणि मग पाण्यावर तेलकट तवंग पसरतो. त्याला कापलेल्या काकडीचा वास येतो असं जुने लोक सांगतात. मला तो आला आहे. त्या वासाबरोबर माशांचे अर्धे तुकडेही वर येत होते. दोरी टिकत नाही म्हणून गरीच्या आधी पोलादी तार बांधावी लागते, आणि गरी काढताना बोटं सांभाळावी लागतात. बांगडा आवडणाऱ्या जिभेला ब्लूफिश परका वाटत नाही. फक्त धरल्या धरल्या त्याचं रक्त काढून त्याला बर्फात ठेवलं पाहिजे. हे काम कॅप्टन गिऱ्हाइकावर सोपवत नाहीत.

हा मासा जगभर हिंडलेला आहे. इस्तंबूलचे कोळी त्याला त्याच्या वाढीप्रमाणे नावं बदलून हाक मारतात: बोटाएवढा असताना देफने यापराई, मग चिनेकोप, सारीकानात, लुफेर, आणि पुरता वाढला की कोफाना. बॉस्फरसच्या काठावर लुफेरचा मोसम हा शहराचा मोसम असतो. आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर हा मासा अधूनमधून नाहीसा होतो. नॅनटकेट बेटाच्या इतिहासात नोंद आहे की 1763-64 मध्ये साथ आली आणि बेटावरच्या 358 मूळ रहिवाशांपैकी 222 जण गेले. त्याच सुमारास ब्लूफिशही त्या पाण्यातून निघून गेला. बेटावरच्या लोकांनी या दोन घटना शेजारी शेजारी लिहून ठेवल्या. कार्यकारणाचा दावा मी करत नाही. पण एका समाजाच्या अंताची आठवण माशाच्या जाण्याने राखली गेली, हे वाचल्यापासून ब्लूफिशच्या थव्याकडे मला निव्वळ खेळ म्हणून बघता आलेलं नाही.

गाईड आणि गिऱ्हाईक यांच्यातलं खरं काम बोलण्यातून होतं. आयझॅक वॉल्टनने 1653 मध्ये गळाच्या मासेमारीवरचं आपलं पुस्तक संवादाच्या रूपात रचलं. 1987 मध्ये जॉन हर्सीने ब्लूफिशवर ‘ब्लूज’ लिहिताना तेच रूप घेतलं: एक मच्छीमार, एक अनोळखी माणूस, आणि होडीतल्या गप्पा. हिरोशिमाच्या संहाराची हकीकत जगाला सांगणाऱ्या या लेखकाला उतारवयात मासा मारण्याविषयी एवढं तपशिलात बोलावंसं वाटलं. जीव घेण्याच्या प्रश्नाभोवती त्याचं मन घुटमळत असावं, असं मला वाटतं. गरी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्या प्रश्नापाशी यावं लागतं. चांगला गाईड तिथपर्यंत सोबत करतो.

कारण तिसरं घड्याळ माशाच्या वयाचं आहे. स्ट्राइप्ड बास तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. त्याच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं उमटतात. 2011 च्या ऑगस्टमध्ये याच मुखापासून थोड्या अंतरावर, वेस्टब्रुकच्या समोर, ग्रेग मायरसन याने धरलेला बास 37 किलोंहून अधिक भरला, आणि तो गळाने धरलेल्या बासचा विश्वविक्रम ठरला. एवढा मासा घडायला काही दशकं लागतात. मादी सहा-आठ वर्षांची होईपर्यंत बहुधा अंडीच घालत नाही. म्हणजे गिऱ्हाईक विकत घेतं एक दिवस, आणि त्याच्या गरीला लागतं ते कित्येक वर्षांचं आयुष्य.

ही विषमता माणसाला फार आधी कळली होती. 1639 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने बास आणि कॉड शेतात खत म्हणून पुरायला बंदी केली. 1670 मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल आणि हेरिंगच्या उत्पन्नातून शाळा चालवायचं ठरवलं. मुलांच्या शिक्षणाचा खर्च माशावर टाकणाऱ्यांना तो मासा टिकवावा लागणार हे उमगलं असेल का, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. कळलेलं टिकलं नाही, एवढं खरं. 1973 मध्ये धंदेवाईक मासेमारीत सुमारे दीड कोटी पौंड बास धरले गेले; 1983 मध्ये हा आकडा 35 लाखांवर आला. 1984 मध्ये अमेरिकेच्या संसदेने या एका माशासाठी कायदा केला. 1985 मध्ये मेरीलँडने बासची मासेमारी पूर्ण बंद केली आणि पाच वर्षं बंद ठेवली. सगळी आशा 1982 साली जन्मलेल्या पिढीवर होती: तिच्यातल्या माद्यांना निदान एकदा तरी अंडी घालू द्यायची, हे नियमांचं उद्दिष्ट होतं. ते साधलं. 1995 मध्ये बास पुन्हा सावरला असं जाहीर झालं. आज कॅप्टनचा धंदा आहे तो त्या बंदीच्या पाच वर्षांमुळे, आणि त्या वर्षांत ज्यांच्या चुली अडल्या त्या कोळ्यांमुळे. त्यांचे उपकार कुठल्याही पावतीवर लिहिलेले नसतात.

2023 च्या मेमध्ये नियम पुन्हा तातडीने आवळले गेले. आधी समुद्रात 28 ते 35 इंचांमधला एक बास ठेवता येत होता. आता 28 ते 31. त्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन होडीवर आले होते. मुलीने एक मासा धरला. कॅप्टननी जाळी पाण्यातच धरली आणि मासा बाहेर न काढता मोजपट्टी त्याच्या अंगालगत सरकवली. साडेबत्तीस इंच. आवळलेल्या जबड्याच्या कोपऱ्यात गोल वळणाची गरी अलगद अडकली होती. आमिष लावायचं तर 2021 पासून तीच वापरावी लागते, कारण ती सहसा घशात उतरत नाही. कॅप्टननी ती चिमट्याने काढली, माशाचा खालचा ओठ अंगठ्यात धरला, तोंड प्रवाहाकडे केलं आणि वाट पाहिली. कल्ले उघडझाप करू लागले. शेपटीला ताकद आल्याचं हाताला जाणवल्यावरच त्यांनी बोटं सैल केली.

वडील नाराज होते. “गेल्या वर्षी हा ठेवता आला असता ना, कॅप्टन?”

“आला असता. हा 2015 चा असणार,” कॅप्टन म्हणाले. “त्यानंतर एवढी मोठी पिढी फारशी झालीच नाही. आता हेच आठ वर्षांचे आहेत, आणि याच मापाचे.”

सोडला म्हणजे वाचला, असंही नाही. परत सोडलेल्या बासपैकी शेकडा नऊ नंतर मरतात, असं धरून किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग हिशेब करतो. सोडणारे इतके आहेत की हे नऊ मिळून फार मोठा आकडा होतो. पाणी कोमट आणि गोडं असेल तर नऊचे आणखी वाढतात. म्हणून सोडण्याच्या कृतीत मला निरागसता दिसत नाही, कौशल्य दिसतं. आणि ते कौशल्य प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताला शिकवणं हे गाईडच्या कामातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं मी मानतो. कॅप्टन होडीवर चढल्याबरोबर आधी ओले हात करायला सांगतात, मग काठी देतात.

मेरीलँडमध्ये 1954 पासून दर उन्हाळ्यात 22 ठरलेल्या ठिकाणी किनाऱ्यालगत जाळं ओढून त्या वर्षी जन्मलेले बास मोजतात. एका ओढीला सरासरी अकराच्या आसपास पिल्लं मिळतात, असा इतक्या वर्षांचा अनुभव. 2023 मध्ये एक मिळालं, 2024 मध्ये दोन, 2025 मध्ये चार. हिवाळा थंड आणि वसंत ओला असला तर पिल्लं जगतात. हिवाळा उबदार आणि कोरडा गेला तर नाही. ऑक्टोबरात हा आकडा जाहीर होतो, तेव्हा कनेक्टिकटच्या मुखाशी मोसम अजून चालू असतो. त्या वेळी कॅप्टन सात वर्षांनंतरचं गणित मांडतात: आत्ताची पिल्लं 28 इंचांची होतील तेव्हा होडीत कोण बसलेलं असेल आणि त्यांना काय दाखवता येईल. आणि तोवर जे हातात आहे ते करतात. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचं पाणी 21 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते बाससाठी वरच्या अंगाला होडी नेत नाहीत. त्या दिवसांची बुकिंग ते बाहेर दांड्यापलीकडे, ब्लूफिशवर घेतात, आणि ज्याला बासच हवा असेल त्याची आगाऊ रक्कम परत करून त्याला सप्टेंबरची तारीख देतात.