सामान कोणी उचललं?

हॅरिएट न्यूएलचं लग्न झालं तेव्हा ती १८ वर्षांची होती. दहा दिवसांनी ती नवऱ्याबरोबर भारताकडे निघालेल्या जहाजात बसली. साल १८१२, अमेरिकेतलं सेलम बंदर. धर्मप्रसारासाठी परदेशी निघालेल्या अगदी पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांमध्ये हे जोडपं होतं. जूनमध्ये ते कलकत्त्याला पोचले, तर ईस्ट इंडिया कंपनीने सांगितलं, इथे राहायचं नाही. मग मॉरिशसचा रस्ता धरावा लागला. वाटेत जहाजावरच बाळंतपण झालं. मुलगी काही दिवसांत गेली. ३० नोव्हेंबरला मॉरिशस बेटावर हॅरिएटही गेली. वय १९. तिचा नवरा सॅम्युअल पुढे मुंबईला येऊन मराठी मिशनमध्ये काम करू लागला आणि १८२१ मध्ये तिथेच वारला.

हॅरिएटची डायरी आणि पत्रं पुस्तकरूपात निघाली, अमेरिकेत घरोघरी वाचली गेली. तिने बलिदान केलं, असं सगळ्यांनी म्हटलं. पण मराठीत या शब्दाची एक गोची आहे. बळी 'देता' येतो आणि बळी 'जाता'ही येतं. शब्द एकच, माणसं मात्र दोन. हॅरिएट स्वतःच्या इच्छेने निघाली होती, हे खरं. जहाजावर जन्मलेल्या मुलीला कोणी विचारलं होतं?

मला हा प्रश्न पडायचं कारण म्हणजे मी जळगावचा. आमच्या भागात मिशनरी हा काही लांबचा विषय नाही. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची कुटुंबं राहिली. तिकडे धुळे-नंदुरबारच्या बाजूला, म्हणजे १९०६ नंतरच्या पश्चिम खानदेशात, स्वीडनमधली आणि मूळची स्वीडिश असलेली अमेरिकन कुटुंबं भिल्ल वस्त्यांमध्ये काम करत होती. धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद मोठा आहे आणि तो इथे मला करायचा नाही. मला त्यांच्या घरात डोकवायचं आहे.

डोळ्यासमोर आणून बघा. ज्या देशात सहा महिने बर्फ असतो तिथून आलेली बाई मे महिन्यात ४५ अंशांच्या खानदेशात चूल पेटवते आहे. हिवाळ्यात दौरे, म्हणजे बैलगाडीत तंबू, भांडी, औषधांची पेटी आणि वर तापाने फणफणलेलं पोर. मुलं सहा-सात वर्षांची झाली की शाळेचा प्रश्न. १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी कोडाईकनालला शाळा काढली. महाराष्ट्रातल्या अनेक मिशनरी घरांतली मुलं तिथे जायची. इथून ते अंतर हजार किलोमीटरहून जास्त. दोन-तीन दिवसांचा रेल्वेप्रवास, गाड्या बदलणं, ट्रंका मोजणं. आणि मोटाररस्ता होण्याआधी डोंगराच्या पायथ्यापासून वर पायी किंवा डोलीत. त्यानंतर कित्येक महिने आईबापाची भेट नाही.

अशा आयुष्यात फजित्या होणारच. गाडी चुकते, बैल बसतो, नदीला पूर येतो, निरोप पोचत नाही. मिशनच्या गोष्टींमध्ये असे प्रसंग खूप असतात आणि बहुतेकदा ते एकाच पद्धतीने सांगितले जातात: संकट आलं, प्रार्थना केली, मार्ग निघाला. वाचणारा हसतो आणि पुढे जातो. मला वाटतं, तिथेच थांबायला हवं.

सॉफ्टवेअरमध्ये एक साधा अनुभव असतो. सिस्टीम नीट चालत असते तेव्हा कुठला भाग किती ताण सोसतोय ते कोणालाच दिसत नाही. काहीतरी कोसळतं, लॉग उघडला जातो आणि मग कळतं की हा बिचारा भाग कधीपासून मरणाचा लोड घेऊन चालला होता. घराचंही तसंच आहे. ध्येयाची भाषणं ऐकून घर कळत नाही. गाडी चुकल्यावर प्लॅटफॉर्मवर कोण बसून राहिलं आणि सामान कोणी उचललं, हे विचारलं की कळतं.

आपल्याकडे हा लॉग एका बाईने स्वतः लिहून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळक. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला, कडक सोवळं पाळणाऱ्या घरात जन्म. नवरा नारायण वामन टिळक, म्हणजे पुढचे रेव्हरंड टिळक. कवी माणूस, लहरी, मनाने राजा, हातात पैसा टिकत नाही आणि पाय एका गावात टिकत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. लक्ष्मीबाईंनी पुढची काही वर्षं नातेवाइकांकडे काढली. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. पुढे त्या त्याच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःचा विचार स्वतः पूर्ण करून. त्यांनी परदेशात पाऊल टाकलं नव्हतं. तरी त्या काळी सोवळ्यातून मिशनच्या आवारात जाणं हे सेलमहून कलकत्त्याला जाण्यापेक्षा कमी लांबचं नव्हतं.

या गोष्टीला आमच्या जळगावचाही एक धागा आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोरसवदा मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांचा त्याच्यावर जीव बसला आणि पुढे तो नगरला त्यांच्या घरी राहायला गेला. साहित्याच्या इतिहासात हे वाक्य इथेच संपतं. लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघितलं तर ते इथे सुरू होतं. घरात माणूस आणला टिळकांनी. त्याचं जेवणखाण आणि रुसवेफुगवे सांभाळले बाईंनी.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. ते वाचताना आपण पोट धरून हसतो. हसू ओसरल्यावर लक्षात येतं की ज्या ज्या ठिकाणी हसलो, तिथे तिथे कोणीतरी काहीतरी सोसलेलं होतं. टिळकांचं चरित्र दुसऱ्या कोणी लिहिलं तर या फजित्या मोठ्या माणसाच्या गमती म्हणून येतील. बाईंच्या पुस्तकात त्या हिशेबाच्या वहीसारख्या येतात. वही शांतपणे लिहिलेली आहे, रागाने नाही. पण खाडाखोड नाही.

आता अवघड प्रश्न. टिळकांनी चूक केली का?

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये 'नैतिक नशीब' ही कल्पना मांडली. उदाहरण घेतलं चित्रकार पॉल गोगँच्या धर्तीवरचं. बायको-मुलांना सोडून चित्रं काढायला दूरच्या बेटावर गेलेला माणूस. चित्रं महान झाली तर आपण त्याला समजून घेतो, झाली नाहीत तर तो नुसता जबाबदारी टाकून पळालेला माणूस. म्हणजे त्याचं समर्थन त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीवर अवलंबून. विल्यम्सचं म्हणणं मला पटतं, पण त्यात एक खुर्ची रिकामी राहते. गोगँ यशस्वी झाला की नाही, हे जग ठरवतं, प्रेक्षक ठरवतात. त्याच्या बायकोचं मत कुठे नोंदवायचं? चित्र कितीही चांगलं निघालं तरी तिचं कर्ज त्यातून फिटत नाही. कारण चित्र मिळालं जगाला, उधारी होती घराची.

इथे कोणी म्हणेल, मुलांना विचारून कोणता बाप निर्णय घेतो? यावल-रावेरचा शेतकरी केळी लावतो, वादळात बाग आडवी होते, तेव्हा मुलीचं शिक्षण थांबतं. तिला विचारलं होतं का? आक्षेप खरा आहे. माणसाच्या जवळ जन्मलेला प्रत्येक जण त्याच्या निर्णयांच्या गाडीत आपोआप बसलेला असतो. 'आधी संमती घ्या' ही कसोटी लावली तर कोणालाच संसार करता येणार नाही.

तरीही फरक आहे. वादळाबद्दल शेतकऱ्याशी भांडता येतं. 'बाबा, यंदा कापूस लावा' असं म्हणता येतं. देवाच्या हाकेशी भांडता येत नाही. 'मला जायचं नाही' असं मिशनऱ्याची बायको म्हणाली तर ती नुसती नवऱ्याला नाही म्हणत नाही, ती देवाला नाही म्हणते. सात वर्षांची मुलगी कोडाईच्या गाडीत रडली तर ती नुसती आई मागत नसते, ती पवित्र कामात अडथळा आणत असते. ध्येय जितकं उंच, तितकं घरातल्या माणसाचं 'नाही' लहान आणि स्वार्थी दिसायला लागतं. माझ्या मते अन्याय तिथे सुरू होतो. दुःख देण्यात तो नसतो, ते सगळेच एकमेकांना देतात. समोरच्याचं दुःख बोलण्याच्या लायकीचंच उरत नाही, तेव्हा तो होतो.

म्हणून हा प्रश्न फक्त मिशनऱ्यांचा नाही. 'देवाची हाक' काढा आणि तिथे चळवळ, देश, स्टार्टअप, करिअर काहीही ठेवा. माझ्या ओळखीतला एक मुलगा प्रोजेक्टवर अमेरिकेला गेला. बायको इथे चांगल्या नोकरीत होती, ती सोडून त्याच्याबरोबर गेली. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. असा नियम वर्षानुवर्षं होता. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळू लागली, तीही सरसकट नाही. कागदावर या माणसांना म्हणतात 'डिपेंडंट'. फोनवर दोघं हसत हसत सांगतात, पहिल्या महिन्यात बर्फात चुकीच्या बसमध्ये कसे बसलो. गोष्ट तोच सांगतो. मी एकदा तिला विचारलं, वहिनी, तुम्ही सांगा ना. तिची गोष्ट वेगळ्या जागी सुरू झाली. बसच्या आधी, नोकरीचा राजीनामा टाइप करण्यापासून.

उलट बाजूही नोंदवायला हवी. रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत, मिशनरी घरात झाला. १८५४ मध्ये मायदेशी परततानाच्या प्रवासात वडील समुद्रावरच वारले. आईने अमेरिकेत मुलांना वाढवलं. एवढं पाहिलेला हा मुलगा १८७४ मध्ये स्वतः परत आला आणि नगरला जवळपास ५० वर्षं राहिला. टिळक त्याच मिशनमध्ये काम करत. म्हणजे ज्याने किंमत मोजली त्यानेच तो रस्ता पुन्हा निवडला. यावरून रस्ता बरोबर ठरतो का? मला नाही वाटत. मोठेपणी दिलेली मान्यता लहानपणीच्या रडण्याला मागे जाऊन पुसत नाही. पण ती एक गोष्ट दाखवते. ओढून नेलेला माणूस कायम ओढलेलाच राहतो असं नाही. त्याला आपलं मत बनवायला जागा मिळाली तर तो तीच वाट स्वतःची म्हणूनही चालू शकतो.

लक्ष्मीबाईंचं तेच झालं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. काही जण याला पतिभक्ती म्हणतात. मला ते तसं वाचवत नाही. ज्या बाईने एका हाताने नवऱ्याचं काव्य पुरं केलं, तिनेच दुसऱ्या हाताने त्याचा सगळा हिशेब लिहून ठेवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी रद्द होत नाही.

ध्येय असावं का, यावर माझं उत्तर हो असंच आहे. नाहीतर माणूस गावाबाहेरच पडणार नाही. आपल्यामागे घरचे फरफटणार नाहीत, याची हमीही कोणाला देता येत नाही. एवढं मात्र करता येतं: आपल्या प्रवासाची गोष्ट सांगताना मध्येच थांबायचं, आणि सामान ज्याने उचललं होतं त्याला ती पहिल्यापासून सांगू द्यायची. तो आपल्यापेक्षा वेगळी सांगेल. ती ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर आपण ज्याला त्याग म्हणतो तो आपला नाहीच. तो दुसऱ्याच्या खात्यातून काढलेला आहे.