शेजारी कोण बसलंय?

पंचवटीतल्या आमच्या मिसळीच्या दुकानात रविवारी सकाळी वेगळं टेबल मिळत नाही. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. समोर गोदेवर दशक्रिया उरकून आलेले मुंडन केलेले गृहस्थ, शेजारी मार्केट यार्डातला हमाल. काळ्या मसाल्याचा रस्सा घेऊन वाढपी सगळ्यांकडे सारखाच फिरतो.

इथून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथं दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, दार मात्र उघडलं नाही. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमानं उपाहारगृहातला प्रवेश प्रत्येकाचा हक्क केला.

माझी आजी सोवळ्यात जेवायची. शुद्धी तिच्या लेखी कोण शिवतं यावर ठरे. मला ती शुद्धी शेजारच्याकडे दह्याची वाटी सरकवण्यात दिसते, आणि ते सरकवणंच मला धर्म वाटतं. पण गर्दीनं घडवलेली ही समता, जिच्यामागे कुणाचा संकल्प नाही, तिला पुण्य म्हणावं का? मी म्हणेन, हो, कारण सवयीनंही माणूस बदलतो. तरी इथं मांडीला मांडी लावून खाणारेच घर भाड्यानं देताना आधी आडनाव विचारतात, हेही मी पाहिलंय.