तीच होडी

ऐंशी-शंभर वर्षांची लाकडी शिडाची होडी कुणी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतली, की थोड्याच दिवसांत एक जुना प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. कुजलेली फळी काढून नवी बसवली, मग दुसरी, मग आतल्या बरगड्या, मग तळाचा कणा. शेवटी जुनं लाकूड जवळजवळ उरलंच नाही, तर पाण्यात उतरते ती तीच होडी का? प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने हा वाद नोंदवून ठेवला. हॉब्जने १६५५ मध्ये त्याला आणखी पीळ दिला: काढलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर खरं जहाज कोणतं? आपल्याकडचे नैयायिक म्हणतील, एक अवयव गेला की जुना अवयवी संपला आणि नवा उपजला. रथाचे भाग एकेक करून विचारत मिलिंद राजाला निरुत्तर करणारे नागसेन म्हणतील, 'होडी' हे व्यवहारापुरतं नाव, त्यामागे वेगळी वस्तू शोधू नका. दोन्ही उत्तरं तर्काला धरून आहेत. पण ती काम संपल्यानंतरच्या होडीकडे पाहून दिलेली आहेत, आणि या प्रश्नाचा उलगडा मला काम चालू असतानाच्या होडीत दिसतो.

लाकडी होडीचा आकार कुठल्याही एका भागात नसतो. फळ्या बरगड्यांना धरतात आणि बरगड्या फळ्यांना. सगळ्या फळ्या एकदम उतरवल्या तर सांगाडा सैलावतो, बाक बदलतो, आणि तो बाक पुन्हा हाती लागत नाही. म्हणून जाणता सुतार एकाआड एक बरगडी बदलतो. शेजारच्या जुन्या बरगड्या तोवर आकार धरून ठेवतात. नव्या घट्ट बसल्या की मग जुन्यांची पाळी. फळीचंही तसंच. रिकाम्या जागेत एक पातळ पट्टी बसवायची, वरच्या-खालच्या फळ्यांच्या कडा कंपासने तिच्यावर उतरवून घ्यायच्या आणि त्या खुणांवरून नवी फळी कापायची. मग ती वाफेच्या पेटीत ठेवायची, इंचभर जाडीला साधारण तासभर. बाहेर काढल्यावर लाकूड जेमतेम मिनिटभर वळतं, तेवढ्यात शिकंजे आवळून ते जागेवर बसवावं लागतं. म्हणजे नव्या लाकडाला आकार मिळतो तो शेजारी अजून टिकून असलेल्या जुन्या लाकडाकडून. निघून जाणारा भाग आपलं वळण देऊन जातो. होडीचं 'तीच'पण मला या देण्याघेण्यात दिसतं. ते आपोआप टिकत नाही, प्रत्येक फळीगणिक राखावं लागतं.

'टॅली हो'चं उदाहरण घ्या. आल्बर्ट स्ट्रेंज यांनी आखलेली ही नौका १९१० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरमला बांधली गेली. १९२७ च्या फास्टनेट शर्यतीत असं वादळ झालं की दोनच नौका शेवटपर्यंत पोचल्या, आणि विजयी ठरली ती हीच. पुढे ती दक्षिण पॅसिफिकमध्ये खडकावर आपटली, वाचली, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कित्येक वर्षं कुजत पडली. २०१७ मध्ये लिओ गुल्डन या तरुण इंग्रज नौकाबांधणी कारागिराने ती नाममात्र किमतीला घेतली. स्वयंसेवकांचे हात आणि लोकांनी पाठवलेले पैसे यांच्या बळावर काम चाललं आणि २०२४ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. कणा, बरगड्या, फळ्या, डेक, जवळजवळ सगळं नवं. तरीही तिला प्रतिकृती म्हणणं मला चुकीचं वाटतं, कारण जुन्या-नव्या लाकडातलं ते देणंघेणं तिच्यात तुटलं नाही.

यावर धर्माच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. गीतेत जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त आहे. मग जीर्णाला एवढं कवटाळणं ही आसक्तीच नव्हे का? पुरीच्या नवकलेवरात (अलीकडचं २०१५ चं) देवांच्या काष्ठमूर्ती बदलतात, पण जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत जातो. होडीत असं काय आहे जे पुढे न्यावं? माझं उत्तर असं: काहीच नाही, आणि म्हणूनच इथे जबाबदारी पूर्णपणे माणसावर येते. देह बदलला तरी देही आपला आपण पुढे जातो. होडीला देही नाही. कुणी हाताने पुढे नेली नाही तर ती संपलीच. आसक्ती फळी सोडायला तयार नसते. दुरुस्ती करणारा मात्र प्रत्येक फळी सोडतो, फक्त तिच्याकडून घ्यायचं ते घेतल्यावर.

दुसरा आक्षेप पैशाचा. अशा होडीवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात अनेकदा फायबरची वापरलेली, धडधाकट होडी येते. शिवाय खिसा रिकामा असला की माणूस आडवाटेने जातो. हे खरं आहे. कुजक्या लाकडावर फायबर आणि रेझिनचा थर चढवून ते झाकणं हा त्यातला नेहमीचा मोह. आत अडकलेला ओलावा मग लाकूड आतून खात राहतो. लाकडी होडी समुद्राच्या पाण्याने सहसा कुजत नाही, मीठ तिला राखतं. तिला मारतं ते डेकच्या फटीतून झिरपणारं पावसाचं पाणी. पण तंगीची दुसरी बाजूही पाहावी. पैसेवाल्याला सगळं एकदम काढून टाकता येतं. ज्याला एका महिन्यात दोनच फळ्यांचं लाकूड परवडतं, त्याला उरलेल्या सगळ्या फळ्या टोचणीने टोचून, हातोडीने ठोकून, बद्द आवाज कुठे येतो ते ऐकून पारखाव्या लागतात. जे राखता येईल ते तो राखतो, कारण फेकणं त्याला परवडत नाही. गरिबीचं कौतुक करण्याचा हेतू नाही. पण क्रमाक्रमाने बदल करण्याची शिस्त तिने लावलेली असते, एवढं मान्य करायला हवं.

मग मूळ लाकूड टिकण्याला काहीच किंमत नाही का? आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्यातला जुना साग हा त्या काळाचा पुरावा आहे, आणि पुरावा बदलता येत नाही. पण पुरावा असणं वेगळं आणि होडी असणं वेगळं. हॉब्जच्या दुसऱ्या जहाजात सगळा पुरावा आहे. तरी त्या फळ्या गोळा करून ठेवलेल्या असताना कुणी त्यांच्यावरून आकार उतरवून घेतला नाही, की कुणी त्यांच्या भरवशावर समुद्रात गेलं नाही. आणि याच कसोटीवर दुरुस्ती करणाऱ्यालाही कधीकधी नकार ऐकावा लागेल: बाक इतका मोडलेला की जुनी बरगडी नव्या बरगडीला काहीच सांगू शकत नाही, आणि नुसत्या नकाशावरून बांधावं लागतं, तर त्याने नवी होडी बांधली असं म्हणावं आणि जुनं नाव तिला देऊ नये.