एकट्यापुरती भज्जी

आजचं चिंतन: गीता, अध्याय ३, श्लोक १३

भगवंत इथे कडक बोलतात. यज्ञातून उरलेलं खाणारे पापातून सुटतात. जे फक्त स्वतःसाठी शिजवतात, ते पापच खातात.

पुण्यात फ्लॅटवर एकटं राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे बोचतं. आमच्या लातूरकडची येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या, ऐन थंडीत येते. आई गेल्यापासून त्या दिवशी मी तिची भज्जी करतो. तुरीचे कोवळे दाणे, हरभरा, वाटाणा, गाजर, पालेभाज्या, सगळं बेसन लावून शिजवायचं. सोबत बाजरीचे उंडे. तिची आठवण येते म्हणून करतो. म्हणजे स्वतःसाठीच ना? मग हेही पाप?

उत्तर भज्जीतच आहे. इतक्या जिनसा मूठमूठ घातल्या तरी पातेलं भरतं. एकट्यापुरती भज्जी होतच नाही! येळवशीला शेतात कडब्याच्या खोपीत लक्ष्मीला नैवेद्य दाखवतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. म्हणून आई आधी विचारायची, "किती माणसं हायत जेवायला?"

श्लोकही हेच विचारतो. आईची चव जपायची, तर तिचा प्रश्नही जपावा लागतो. नाहीतर हाती उरते नुसती रेसिपी.

या थंडीत आईच्या किंवा बाबांच्या हातचं काही रांधाल, तेव्हा देवापुढे वाटी ठेवा आणि कुणाला तरी हाक मारा. रूममेटला, वॉचमनकाकांना, शेजारच्या आजींना. मग तुमच्या ताटात पडेल तो प्रसाद.

राम कृष्ण हरी.