चौघांतला एक

आजचे वाचन: मार्क २:१-१२

छप्पर उघडून चौघांनी पक्षाघाती माणसाला येशूपुढे खाली सोडलं. येशूने त्या आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला! इथेच मी अडकलो.

पनवेलला आमच्याच बिल्डिंगमधल्या एक आजी तीन रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. समूहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज ‘आमेन’ टाकत होतो. त्यांचं दार मात्र वाजवलं नाही.

१८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम मित्रांसोबत गरिबांच्या घरी जाऊ लागला. त्यातूनच सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली.

काल शेवटी गेलो. गुडघ्यांमुळे आजींना जिना उतरवत नाही. रविवारी आम्ही समूहातली पोरं त्यांना खुर्चीसकट खाली आणणार आहोत.

तुमच्या बिल्डिंगमधलं कोण दिसेनासं झालंय?

प्रभू, मला त्या चौघांतला एक कर. आमेन.