रिकाम्या चौकातला लाल दिवा

जबलपूरच्या सराफ्यात सोने रत्तीभर कमी भरले तर आपण भांडतो; आणि बाहेर पडताच त्याच अरुंद गल्लीत गाडी उलट्या बाजूने घालतो. २०१९ च्या कायद्याने हेल्मेट नसल्याचा दंड १०० वरून १००० रुपये झाला. तरी हेल्मेट पुष्कळदा आरशालाच लटकते, पोलीस दिसला की डोक्यावर चढते! फिनलंडमध्ये अतिवेगाचा दंड मिळकतीनुसार असतो. २००२ मध्ये नोकियाच्या एका अधिकाऱ्याला १,१६,००० युरो ठोठावले गेले (अपिलात बरेच कमी झाले). हे मला न्याय्य वाटते. एरवी श्रीमंताला दंड म्हणजे नियम मोडण्याचे भाडेच. पण भीती दोन्हीकडे पैशाचीच. समोरून चालत येणाऱ्या म्हातारीचा जीव त्या हिशेबात कुठे असतो? मध्यरात्री रिकाम्या चौकात, पोलीस नसताना लाल दिव्याला थांबणारा माणूस कोणाला भितो?