लंगडणं अंगवळणी पडू देऊ नकोस

मिरज

चि. ओवी,


इकडे सगळे मजेत आहेत. पाऊस वेळेवर आला, परसातला पारिजातक पुन्हा धरलाय. तुझे बाबा परवा येऊन गेले, येताना कुंदा घेऊन आले आणि निम्मा स्वतःच खाऊन गेले. त्यांनीच मला तुझा तो ट्रामकडे चालत जातानाचा व्हिडिओ दाखवला. सगळे तुझा कोट बघत होते, मी तुझे पाय बघत होते. उजव्या पायावर भार आला रे आला की डावा पाय घाईघाईने पुढे टाकतेस, बाळा. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "अहो वन्सं, ते हिवाळ्यात बर्फावर घसरून घोटा मुरगळला होता तेव्हाचं. आता दुखत नाही म्हणते." दुखत नाही आणि तरी लंगडतेस, याचीच मला काळजी लागून राहिली आहे.

चालताना एका पायाचा पूर्ण फेरा धरला तर साधारण 60 टक्के वेळ तो जमिनीवर असतो आणि 40 टक्के हवेत. पाय दुखायला लागला की शरीर त्याचा जमिनीवरचा वेळ कापतं. पहिल्या दिवसांत हे शहाणपणाचंच असतं, मुरगळलेल्या घोट्याला तेवढी उसंत मिळते. पण दुखणं निघून जातं आणि चाल तशीच राहते. मधल्या काळात घोटा आखडलेला असतो, पोटरी आवळलेली असते. पाऊल टेकलेलं असताना नडगी पुढे झुकायला हवी, ती झुकत नाही. मग टाच लवकर उचलली जाते, नाहीतर पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं, नाहीतर गुडघा मागे ढकलला जातो. घोट्याचं काम गुडघा, खुबा आणि कंबर वाटून घेतात आणि चांगल्या पायावर जादा भार येतो. फिजिओथेरपी विभागात मी इतकी वर्षं काढली. कंबर धरून आलेल्या कितीतरी जणांना "पूर्वी कधी पाय मुरगळला होता का?" असं विचारल्यावर मगच ते जुनं दुखणं आठवायचं.

तू ज्या लाइपझिगमध्ये राहतेस ना, ते आमच्या विषयाचं माहेरच समज. तिथल्या ब्राउने आणि फिशर या दोघांनी एका माणसाच्या अंगावर उजेड देणाऱ्या नळ्या बांधून त्याला अंधारात चालवलं आणि वेगवेगळ्या बाजूंनी त्याचे फोटो घेतले. त्यावरून प्रत्येक अवयवाची हालचाल मोजून केलेला त्यांचा ग्रंथ 1895 ते 1904 या काळात भागाभागाने निघाला. ट्रेंडेलेनबुर्ग नावाचे सर्जनही तिथलेच प्राध्यापक. खुब्यात दोष असलेली माणसं डुलत का चालतात, हे त्यांनी 1895 मध्ये उलगडून दाखवलं.

आपली आजी कशी चालायची, आठवतं? प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकायची. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. पण ते नुसतं वय नव्हतं. एका पायावर उभं राहिलं की त्याच बाजूचा कुल्ह्याचा स्नायू कंबरेचं हाड सरळ धरून ठेवतो. तो दुबळा झाला की दुसरी बाजू खाली पडते, आणि ती पडू नये म्हणून माणूस धड दुबळ्या बाजूला झुकवतं. तू आज आरशासमोर उभी राहा. दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर ठेव, उजव्या पायावर अर्धा मिनिट उभी राहा, मग डाव्या. उचललेल्या पायाकडची कंबर खाली जाते का, धड कलतं का, घोटा किती थरथरतो, ते नीट बघ आणि मला कळव. आजी काठीसुद्धा दुखऱ्या बाजूच्याच हातात धरायची. काठी दुसऱ्या हातात द्यायची असते, म्हणजे दुखऱ्या खुब्यावरचा भार खरोखर कमी होतो. हातात काठी बदलून दिल्यावर ती अंगणात तुळशीपर्यंत सरळ चालत गेली होती.

तुझ्या स्नेहाताईचं बाळ आता चालायला लागलंय, बरं का. पाय फाकवून, हात वर करून, मध्येच चवड्यावर. ती घाबरून गेली होती. मी म्हटलं, अगं, नव्याने चालणारं मूल असंच चालतं. तीन वर्षांचं होऊनही चवड्यावरच चालत राहिलं किंवा एकाच पायाने लंगडायला लागलं, तर मात्र दाखवायचं. आणि ताप असलेलं मूल पायावर भारच देईना झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी तुला आठवत असतील. हंगामात त्या द्राक्षबागेत खुरपणीला जातात. मध्ये त्यांच्या चपलेचा आवाज बदलला. एक पाऊल नेहमीचं, दुसरं फट्‌कन आपटणारं. शिवाय तो गुडघा जिना चढल्यासारखा उंच उचलायच्या. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जरा खाली हाडाचं टोक हाताला लागतं, तिथून एक नस अगदी कातडीलगत जाते. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दबते, मग पाऊल वर उचलता येत नाही, लोंबतं. कुष्ठरोगात हीच नस धरली जाते, आणि कंबरेतली गादी सरकली तरी पाऊल असंच पडू शकतं. म्हणून "बसून बसून मुंग्या आल्या असतील" म्हणून सोडून द्यायचं नसतं. मावशी वेळेवर डॉक्टरकडे गेल्या, आता पाऊल पुष्कळ उचललं जातं. तूही लॅपटॉपसमोर मांडीवर मांडी टाकून तासन्‌तास बसतेस, ते कमी कर.

पलीकडच्या गल्लीतल्या अण्णांचंही चालणं बदललं होतं. पावलं लहान झाली, घासत पडायला लागली, आणि चालताना डावा हात हलेनासा झाला. हाताला कंप नव्हता, म्हणून कुणाला शंका आली नाही. तो पार्किन्सन निघाला. आता औषध चालू आहे आणि रोज सकाळी ते मोठी पावलं टाकायचा सराव करतात. हे सगळं तुला घाबरवायला लिहीत नाही, पोरी. आपली माणसं दुखलं तरच डॉक्टरकडे जातात. अण्णांना काही दुखत नव्हतं, मावशींनाही नाही, आणि तुलाही नाही.

आणखी एक. तू शाकाहारी, त्यात तिकडे एकटी, जेवण म्हणजे ब्रेड आणि चहा. बी-12 कमी पडलं तर तळपायाची जाणीव मंदावते. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, माणूस पाय जोरात आपटत चालायला लागतं. एकदा रक्त तपासून घे, आणि दूध-दही चुकवू नकोस.

आता घोट्याचं ऐक. भिंतीसमोर उभी राहा, टाच जमिनीला घट्ट ठेव आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावून बघ. दोन्ही पायांत किती फरक आहे ते कळेल. पोटरीचे ताण रोज दे. चवड्यावर सावकाश वर-खाली हो, आधी दोन्ही पायांवर, मग एकट्या उजव्यावर. दात घासताना बेसिनला हात लागेल असं उभं राहून एका पायाचा तोल साध. मुरगळलेल्या घोट्याची तोलाची जाण कमी झालेली असते आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा मुरगळतो. चालताना मनाशी म्हण, टाच, मग तळवा, मग अंगठा. पायाखाली तिकडचे दगडी रस्ते आहेत, तेव्हा टाचेला घट्ट धरणारे बूट घाल. जुन्या बुटांचे तळवे शेजारी ठेवून बघ, एक दुसऱ्यापेक्षा फार झिजला असेल तर तेही डॉक्टरला दाखव. व्यायामाने दुखलं किंवा सूज आली तर थांब.

पाय अचानक ओढला जायला लागला, तोंड वाकडं झालं किंवा हातातलं बळ गेलं, अशी वेळ कुणावरही आली तर वाट न बघता 112 ला फोन करायचा. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तरीही तसंच. हे तिथल्या मैत्रिणींनाही सांगून ठेव.

तिकडे फिजिओथेरपीसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, ती या आठवड्यात घे. पुढच्या वेळी, मग सुट्टीत, असं करू नकोस. तुझं वय लहान आहे, स्नायू अजून ऐकतात, चाल सुधारायला हीच वेळ बरी. आणि मला व्हिडिओ पाठव. अनवाणी, घोटे दिसतील असे कपडे घालून, समोरून, मागून आणि बाजूने, तुझ्या नेहमीच्या वेगाने चालतानाचे. मी बघून काय दिसतं ते लिहून पाठवते, ते डॉक्टरला दाखव. रागावू नकोस हं आत्यावर. दिवाळीला येशील तेव्हा दंडोबाचा डोंगर चढायचाय आपल्याला, आणि मला तू पुढे हवी आहेस.

तुझी,
आत्या